पुरुषभर पाणी

कडूबाने बांबू वाळूत रोवून नाव मागे रेटली. नाव दोन हात सरकली तशी तानुबाई लगबगीने पुढे आली आणि घोट्याभर पाण्यात उतरून म्हणाली,

"कडूबा भाऊ, रविवारी सकाळी ये. त्याच्या आधी कोनी कितीबी म्हनलं तरी नाव घालू नको."

"कोन म्हनीन, माय? देवाचं काम हाय."

"तरीबी."

कडूबाने कपाळाला हात लावून बेटावरच्या महादेवाच्या पिंडीच्या दिशेने नमस्कार केला. म्हणजे शपथच झाली. नाव डोहावरून गावाकडे वळली. पलीकडच्या काठावर तिची सासू, म्हातारी कौशल्याबाई, तीन नातवंडांना घेऊन उभी होती. सगळ्यात मोठी कोकिळा हात हलवत होती. धाकट्या दोघांनी आधी भोकाड पसरले, मग आजीच्या ओच्यातून काहीतरी खायला मिळताच ते थांबले, हेही तानुबाईने इकडून पाहून ठेवले.

तिच्या मागे वाळूवर तिचा नवरा रंगराव उभा होता. परक्या गावच्या धर्मशाळेत उतरलेला माणूस आपली पथारी कुठे टाकावी म्हणून पाहतो, तसा तो चहूकडे पाहत होता. चौदा वर्षांच्या संसारात ही दोघे पहिल्यांदाच दिवसाउजेडी एकटी होती.

तेव्हाच्या वऱ्हाडात सुट्टी हा शब्द फक्त शाळामास्तरांकडे होता. नवरा-बायकोने, पोरे घरी ठेवून, चार दिवस कुठे जाऊन राहायचे म्हणजे गावाने दारे-खिडक्या उघडून पाहावे असा प्रकार. त्याला देवाचीच परवानगी लागे, आणि ती तानुबाईजवळ होती. सहा वर्षांमागे कोकिळेला देवी आल्या, पोर हातची जाते असे वाटले, तेव्हा बोललेला नवस. पूर्णेतल्या महादेवाच्या बेटावर जोडीने पाच रात्री राहायचे. सोबत मूल नाही, दुसरे माणूस नाही, आणि पाच रात्री पुऱ्या होईपर्यंत बेटाबाहेर पाऊल नाही. पोर वाचली. नवस मुलीचा, म्हणून घरातल्या पुरुषांना तो दर वर्षी पेरणीत, नाहीतर खळ्यात, नाहीतर कपाशीच्या वेचणीत विसरायला होत असे. यंदा मात्र तानुबाईने तो सासूच्या कानात घातला. लेकीची सोयरीक जुळते आहे आणि देवाचा नवस तसाच पडला आहे, एवढेच म्हटले. म्हातारी अर्ध्या भाकरीवरून उठली. तो रविवार होता. मंगळवारी दोघे बेटावर.

सोयरीक जुळवली होती ती उकंडरावांनी, रंगरावाच्या थोरल्या भावाने. घराचा कारभार त्यांच्याकडे. नवरा किसनराव, जळगाव जामोदकडचा मोठा वावरवाला, तालुका बोर्डाचा मेंबर, डिप्टी कमिशनर साहेबाशी हात मिळवलेला माणूस. ही त्याची मिळकतीची बाजू. दुसऱ्या बाजूला चाळिशी, वारलेल्या दोन बायका, आणि मिसरूड फुटलेला मुलगा. कोकिळा अकरा वर्षांची. तिच्या तोंडावर देवीचे व्रण होते, त्यामुळे उकंडरावांच्या मते हा मेळ घरबसल्या चालून आलेला होता. "दुसरा कोन करून घेईन?" असे ते म्हणाले, तेव्हा रंगराव खाली पाहून सुपारी कातरत होता. सुपारी कातरून झाल्यावर तो म्हणाला, "दादा पाहून घेतीन." त्याच्या आयुष्यात जे जे ठरले, ते याच वाक्यावर ठरले होते. त्याचे लग्नसुद्धा.

कुंकू लावून सोयरीक पक्की करायची, तो दिवस पुढचा सोमवार ठरला होता. पण सासूच्या कानात नवस घातला त्याच रविवारी, त्याच्या थोडे आधी, पुरुष माणसे खळ्यात असताना, किसनरावांचा न्हावी निरोप घेऊन दारात आला. पंडिताने गुरुवारचा मुहूर्त काढला आहे, पाहुणे गुरुवारीच येतील. तानुबाईने त्याला पाणी दिले, गुळाचा खडा दिला, आणि "सांगते" म्हणाली. तिने कोणालाही सांगितले नाही. त्या घराच्या रीतीप्रमाणे मुलीच्या कुंकवाला पाटावर जोडी लागे. उकंडराव विधुर, सासू विधवा. घरात जोडी एकच होती, आणि ती गुरुवारी बेटावर असणार होती. किसनरावांना घाई होती, आणखी दोन गावच्या मुली त्यांनी पाहून ठेवल्या होत्या. रिकाम्या पाटासमोर बसून अपमान गिळणारा तो माणूस नव्हता.

नवऱ्याला हे सांगायचे तिच्या मनात दोनदा आले. दोन्ही वेळा तिने त्याच्याकडे पाहिले आणि पीठ चाळायला घेतले.

बेट लांबट, माशासारखे. डोक्याकडे उंबराखाली पिंड आणि कुडाची एक झोपडी, शेपटाकडे झाऊच्या झुडपांचे दाट रान. गावासमोर डोह. पहिला दिवस रंगरावाने झोपडीचे दोर आवळण्यात घालवला. जेवायला बसला, जेवला, हात धुतला, आणि उठलाच नाही. तिथेच बसून राहिला.

"आता तू जेव."

तानुबाईने भाकर घेतली आणि पाठ फिरवली.

"काऊन पाठ करून राह्यली? इथी कोन हाय?"

ती अर्धी वळली. पहिल्या घासावरच ती पाणी प्यायली. घरच्या विहिरीचे पाणी खारट. नदीचे हे पाणी गोड लागले, की दुसरे काही लागले, हे तिला नीट कळले नाही. रंगराव तिच्याकडे असा पाहत होता, जसे एखादे जनावर पहिल्यांदा जवळून पाहावे.

"तू लय हळू खाते," तो म्हणाला.

"घरी लवकर खाते."

यावर त्याने बराच वेळ विचार केला असावा. कारण दिवा लावायच्या वेळी, मध्ये काही बोलणे नसताना, त्याने विचारले,

"तुले काय आवडते?"

"कशातलं?"

"खान्यातलं."

तानुबाई दचकली. चौदा वर्षांत त्या घरातल्या नऊ माणसांच्या आवडी तिने पाठ केल्या होत्या. कोणाला ठेचा जहाल, कोणाला भाकर कडक, कोणाला कढी पातळ. आपली आवड शोधायला तिला थेट माहेरापर्यंत जावे लागले.

"हुळा," ती म्हणाली. "हिरव्या हरभऱ्याचा. वावरातच भाजून उभ्यानं खाओ आम्ही. तोंड काळं होये."

त्याने दिव्याची वात सारखी केली. तिला उत्तराची अपेक्षा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा तो झोपडीत नव्हता. उन्हे चढल्यावर शेपटाकडून आला, काखेत हरभऱ्याचे हिरवेगार डहाळे, धोतर गुडघ्यांपर्यंत ओले.

"हे कुठचं?"

"तिकडं शेपटाकडं हाय." त्याने डहाळे खाली टाकले. "आंघोळबी करून घेतली."

त्याने वाळलेले गवत पेटवले, डहाळे त्यावर धरले. घाटे तडतडले. दोघांनी राखेतून वेचून खाल्ले. तिच्या हनुवटीला काळे लागले, त्याच्या मिशीला लागले, आणि तानुबाई हसली. पदर तोंडाला लावायचा राहून गेला. रंगरावाचा हात राखेतच थांबला. या बाईला असे हसता येते हे चौदा वर्षे एका छपराखाली राहून त्याला माहीत नव्हते.

त्या हसण्याच्या भरात ती धिटावली.

"कोकिळेचं," ती म्हणाली, "तुमच्या मनात काय हाय?"

तो राखेत काडीने रेघा ओढू लागला. तीन रेघा झाल्या, चार झाल्या.

"दादा पाहून घेतीन," तो म्हणाला.

तानुबाईने उरलेले घाटे गोळा केले, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि उठली. तिचा हिशेब चुकला नव्हता. सांगितले नाही तेच बरे झाले.

गुरुवारी सकाळी पलीकडच्या काठावर धूळ उठली. तीन दमण्या, बैलांना झुली, पुढे वाजंत्रीवाला. तानुबाई पिंडीवर पाणी घालत होती. तांब्या हातात धरून ती तिथेच उभी राहिली. रंगराव डोळ्यांवर हात धरून पाहत होता.

"कोनाचे पाहुने हायेत?" तो म्हणाला. मग, "ते पांढरे बैल तर किसनरावांचे." मग बऱ्याच वेळाने, "सोमवार होता ना?"

"आज हाय," तानुबाई म्हणाली. "निरोप आला होता. माह्याजवळ."

तो वळला.

"कधी?"

"रविवारी. न्हावी आला होता."

"दादाले माहीत नाही?"

"नाही."

"बुढीले?"

"नाही."

"कोकिळेले?"

"पोरीले कशाले सांगू?"

रंगराव वाळूत बसला. पाय दुमडून नव्हे, जसे ओझे खाली टाकावे तसा. तोंड थोडे उघडे राहिले. त्याच्या बायकोने देव, सासू, थोरला दीर, तालुका बोर्डाचा मेंबर आणि नदी, एवढ्या सगळ्यांना एका दोरात ओवले होते, आणि ती त्याच्यासमोर तांब्या हातात घेऊन उभी होती.

"मलेबी नाही," तो म्हणाला.

"तुम्हाले सांगतलं असतं तर तुम्ही दादाले सांगतलं असतं."

त्याने मान वर केली नाही. हे खरे होते.

तासाभराने उकंडराव काठावर आले. सोबत कडूबा होता. तो हात जोडून, मान हलवून, पुन्हा पुन्हा पिंडीकडे बोट दाखवत होता. शेवटी उकंडरावांनी त्याला बाजूला सारले आणि हातांचा कर्णा केला.

"रंग्या! पाहुने येऊन बसले! ये!"

रंगराव उठला. पाण्याच्या कडेपर्यंत गेला. धोतराचा सोगा हातात धरून उभा राहिला.

"नाव नाही, दादा."

"हा गाढव घालत नाही नाव! तू पायी यायले उतार पाह्य कुठी! वाळू सरकली असीन यंदा!"

रंगरावाने मान वळवून शेपटाकडे, झाऊच्या रानाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. पाणी कुठे कमी दिसते ते शोधतो आहे, असे तानुबाईला वाटले. तिने मनातल्या मनात महादेवाला दुसरा नवस बोलून टाकला, आणि पहिल्या नवसाच्या गतीची आठवण होऊन तिची तिलाच लाज वाटली.

"उतार नाही, दादा," तो ओरडला. "चहूकून खोल हाय."

"अबे, पाह्य तरी!"

"पाह्यलं. अन् नवस मोडता येत नाही. पोरीचा हाय."

उकंडराव हात खाली सोडून उभे राहिले. या भावाने त्यांना नाही म्हटल्याची नोंद त्यांच्या आठवणीत कुठेच नसावी, कारण ते पुन्हा ओरडलेही नाहीत. नुसते पाहत राहिले. मग वळून गेले.

दुपार कलताना दमण्या परत निघाल्या. झुली काढलेल्या होत्या, वाजंत्री गप्प होती. धूळ खाली बसेपर्यंत रंगराव काठावर होता. मग येऊन म्हणाला,

"भाकर हाय का?"

तिने वाढली. तो जेवला. ती त्याच्यासमोर, पाठ न फिरवता जेवली. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो निम्मा. पाणी खोल होते म्हणून हा थांबला. टोंगळाभर, गुडघ्याइतके असते तर गेला असता, पाटावर बसला असता, सुपारी फोडली असती, आणि आपल्याला सोबत बसवले असते. तिने हे अगदी शांतपणे मनात लिहून ठेवले. पुढे दुसरा किसनराव येईल तेव्हा मध्ये नदी नसणार, हेही त्याखाली लिहिले.

शुक्रवार काटक्या वेचण्यात गेला. शनिवारी काटक्या मोडताना तो म्हणाला,

"दादा म्हन्तात पोरीच्या तोंडावर व्रण हायेत."

"हायेत."

"रोज पाह्यतो. मले दिसत नाहीत."

त्याने काटक्यांचा भारा बांधला. गाठ दोनदा सुटली.

रविवारी पहाट उजाडल्यावर पाचवी रात्र पुरी झाली. तानुबाई भांडी घासायला मुद्दाम शेपटाकडे गेली. तिकडची वाळू भरड, भांडे लवकर निघते. झाऊच्या रानातून ती बाहेर आली आणि थांबली.

समोर नदी वळण घेत होती. वळणाच्या आडून, गावाच्याच काठावरून, शेळ्यांचा एक कळप पाण्यात उतरला होता. शेळ्या घाईत नव्हत्या. रांगेने, एकमेकींच्या पाठीला तोंड लावत, नदीच्या मध्यापर्यंत आल्या. पाणी त्यांच्या पोटापर्यंतच होते. मधल्या खडकाळ भागावर दोघी थांबल्या, खाली मान घालून काहीतरी ओढू लागल्या. हरभऱ्याचा डहाळा होता, चार दिवसांचा वाळलेला. शेळ्यांमागच्या काठावर हरभऱ्याचे वावर होते. शेजारच्या गावच्या कोणाचे तरी. कडेला एक पट्टा उपटलेला दिसत होता.

तानुबाईच्या हातातली थाळी वाळूवर पडली. तिने बेटाकडे वळून पाहिले. झाऊ, बाभळी, उंबर. या बेटावर हरभरा कोणी पेरला असता?

तिने लुगडे वर खोचले नाही, तशीच पाण्यात शिरली. पाच पावले, दहा, वीस. पाणी टोंगळ्याला लागले आणि तिथून पुढे उतरायला लागले. ती मध्यावर उभी राहिली. समोरचा काठ पंचवीस पावलांवर.

बुधवारी सकाळी तो इथून गेला होता. बेटाबाहेर पाऊल टाकून, परक्याच्या वावरातली काडी न उचलणारा माणूस, डहाळे चोरायला. आणि गुरुवारी पाण्याच्या कडेला उभे राहून, थोरल्या भावाच्या तोंडावर... तिच्या पायांखालची वाळू सरकत होती. नवस मोडला होता. पोरीचा नवस. तिने मनातल्या मनात पोरीचे नाव घेतले, आणि त्याच वेळी तिला राख लागलेली त्याची मिशी आठवली. ती तशीच उलट्या पावलांनी मागे आली.

झोपडीपाशी रंगराव गाठोडे बांधत होता. त्याने वर पाहिले. त्याची नजर तिच्या लुगड्यावर गेली. टोंगळ्यापर्यंत ओले, तिथे सरळ रेघ, त्याच्यावर कोरडे. तो पाहत राहिला. मग खाली मान घालून पुन्हा गाठ मारू लागला.

"भांडे घासले?" त्याने विचारले.

"घासले."

डोहावर कडूबाची हाक आली.

काठावर अर्धे गाव होते. नाव टेकली. कोकिळा पुढे धावली. डोक्यावर गाठोडे घेऊन उतरलेल्या तानुबाईने आधी तिच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पुन्हा कपाळाला. अंग गार होते. पोर हसत होती.

"माय, पाहुने रागावून गेले. खिरोड्याच्या पोरीले कुंकू लावलं त्यांनी."

उकंडराव पुढे आले. ते रंगरावासमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही, त्यामुळे सगळे गप्प झाले.

"काल मेंढपाळ भेटला होता. म्हने, शेपटाकून यंदा उतार झाला. बकऱ्या जाऊन-येऊन राह्यल्या." ते थांबले. "तू म्हनला खोल हाय."

रंगरावाने तोंड उघडले. ओठ हलले. पाण्यापलीकडून जे जमले होते ते दोन हातांवरून जमेना. त्याची नजर खाली गेली, आणि तानुबाईला ती नजर ओळखीची होती. यापुढचे वाक्य तिला पाठ होते.

चौदा वर्षांत तिने मोठ्या दिराशी शब्द बोललेला नव्हता. बोलायचे असले तर पोरामार्फत, भिंतीमार्फत. तिने पदर डोळ्यांपर्यंत ओढला. कोकिळेच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली,

"कोके, मोठ्या बाबाले सांग. मी सोता उतरून पाह्यलं. पुरुषभर पानी हाय."

कौशल्याबाईच्या हातातली काठी सुटली. कोकिळेने आईकडे पाहिले, मग वळून, शाळेत कविता म्हणावी तशी मान सरळ करून,

"मोठे बाबा, माय म्हन्ते, पुरुषभर पानी हाय."

उकंडरावांची नजर पदरावरून खाली सरकू लागली. ओल्या लुगड्याकडे, टोंगळ्याच्या रेघेकडे.

रंगरावाने कधी गावादेखत बायकोच्या डोक्यावरचे ओझे उतरवले नव्हते. त्याने ते गाठोडे दोन्ही हातांनी खाली घेतले आणि तिच्या पायांसमोर, रेघ झाकली जाईल असे, वाळूत उभे ठेवले.

"हाव, दादा," तो म्हणाला. "लय खोल हाय."